माझ्या खणांच्या मुठी

मित्रांनो, मी एक जुने, बुटके आणि रुंद कपाट आहे. मला दारे नाहीत. नुसते खणच खण आहेत, लहानमोठे, ओढून उघडायचे. ज्या खोलीत मी उभा आहे, तिथे कापडी बाहुल्या आणि दिव्यांच्या कागदी टोप्या तयार होतात. खोलीत शिरणारा माणूस आधी समोरच्या भिंतीकडे पाहतो. तिथे पांढऱ्या कप्प्यांची रांग आहे, चकचकीत, एका मापाची. "वा, काय सुरेख लावलीय खोली," असे तो म्हणतो. मग त्याची नजर माझ्यावरून घसरते आणि खिडकीबाहेर निघून जाते. एव्हाना मला सवय व्हायला हवी होती. पण दर वेळी माझ्या पोटात दुखते. ज्याचे सगळे अंग म्हणजे नुसते पोट आहे, त्याच्या पोटात दुखणे म्हणजे काय, ते तुम्हीच ओळखा.

मला एका सुताराने घडवले. तो बोलायला कमी आणि मापाला कडक होता. त्याने जड, घट्ट लाकूड निवडले, खिळा न मारता सांधे बसवले आणि प्रत्येक खण आत ढकलून कान देऊन ऐकला. खण मिटताना हलकासा उसासा ऐकू आला की तो मान हलवायचा. नाही आला की पुन्हा रंधा हातात घ्यायचा. मी तयार झालो तेव्हा माझ्या सगळ्या खणांना एकसारख्या गोल लाकडी मुठी होत्या. तेवढा देखणा मी पुन्हा कधी झालो नाही.

माझी पहिली नोकरी बियाण्यांच्या दुकानात होती. एका खणात भोपळा, दुसऱ्यात मुळा, तिसऱ्यात सूर्यफूल. गिऱ्हाईक आले की आधी माझ्याकडे बघे आणि मग मालकाकडे. दुकानात तराजूवर एक तरुण माणूस काम करी. तो खण कधी धसमुसळेपणाने ओढत नसे. पुढे मालक थकले, त्यांच्या मुलांना बियाण्यांत रस नव्हता आणि दुकान बंद झाले. जाताना मालकांनी त्या तरुणाला विचारले, तुला आठवण म्हणून काय देऊ? त्याने माझ्याकडे बोट दाखवले. मालक हसले आणि म्हणाले, हे उचलणार कोण? त्याने मला हातगाडीवर घातले. पुढून तो ओढत होता, मागून त्याचा धाकटा भाऊ ढकलत होता आणि वाटभर कुरकुरत होता.

अशा रीतीने मी या घरात आलो. त्या तरुणाच्या बायकोला मी थोरली म्हणेन, कारण पुढे घरात धाकटी आली. थोरलीने माझा एकेक खण बाहेर काढून पुसला. कोपऱ्यांतून मुळ्याचे बी निघत राहिले. तिने ते खिडकीतल्या कुंडीत टाकले आणि मुळे खरोखरच आले, अगदी बारके, पण आले. मग तिने माझ्यात तिची चीजवस्तू भरली. दोरे, बटणे, फिती, लोकरीचे गुंडे, फेल्टच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे, बाहुल्यांच्या पोटात भरायचा कापूस. थोरली हातात घालून नाचवायच्या बाहुल्या शिवायची. तिच्या बाहुल्यांची तोंडे अशी असत की त्या आत्ता काहीतरी टोचून बोलतील असे वाटे. शिवताना तिला पाहिजे ते माझ्यातून मिळे. ती खुर्चीवरून न उठता हात मागे करायची आणि खण उघडायची. माझ्या खणांना तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा त्या घरातला न बोललेला कायदा होता. मला तो फार आवडायचा.

काळ कुणाला सोडत नाही. माझ्या मुठी एकेक करून निखळू लागल्या. थोरलीच्या नवऱ्याला विकतच्या वस्तूंचे वेड नव्हते. मूठ तुटली की तो घरात हाताला येईल ते बसवायचा. एका खणाला दोऱ्याचे रिकामे रीळ, एकाला जुन्या कोटाचे जाडजूड बटण, एकाला दोरीची गाठ, एकाला पितळी नळाची चकती, आणि वरच्या उजव्या खणाला तर सायकलच्या घंटीची टोपी. माझ्या तोंडावरची एक मूठ दुसरीसारखी राहिली नाही. मला त्याची लाज वाटे. कुणी पाहुणा आला की मी मनातल्या मनात भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो.

मग एका हिवाळ्यात थोरलीचा नवरा आजारी पडला आणि गेला. ती काही दिवस या खोलीत आलीच नाही. आली तेव्हा तिने खुर्ची माझ्या आणखी जवळ ओढली, एवढेच.

तोपर्यंत धाकट्या भावाचे लग्न होऊन धाकटी घरात आलेली होती. ती एका छापखान्यात कागद कापायच्या आणि दुमडायच्या विभागात कामाला होती. तो विभाग बंद झाला आणि ती घरी बसली. पण तिच्या हातांना कागदाशिवाय करमेना. ती दिव्यांच्या टोप्या बनवू लागली. भोके पाडलेल्या, घड्या घातलेल्या त्या टोप्यांतून उजेड भिंतीवर पानांसारखा पडे. लोक मागू लागले. तिचे कागद मात्र बिचारे कुठेही राहत. पलंगाखाली, दाराच्या मागे, माझ्या डोक्यावर. दाराच्या मागचे कागद दर वेळी दार उघडले की दुमडत.  ती ते सरळ करी आणि पुन्हा तिथेच ठेवी.

एके दिवशी तिने फीत घेऊन खोली मोजली. एका मोठ्या कागदावर खोलीचा आराखडा काढला आणि त्याच मापाने टेबल, कप्पे, खुर्च्या यांचे छोटे तुकडे कापून त्यावर सरकवत बसली. मी वाकून पाहू शकत नाही, पण वरून जेवढे दिसले तेवढ्यात माझा तुकडा कुठे दिसला नाही. मग ती थोरलीकडे गेली. आजकाल सुटे भाग जोडून करायचे स्वस्त फर्निचर मिळते, एकावर एक कप्पे रचता येतात, हवे तेव्हा वाढवता येतात, दोघींचे सामान नीट बसेल, असे सगळे तिने समजावून सांगितले. थोरली म्हणाली, "कर बाई, तुला हवं तसं." धाकटीला त्यात होकार ऐकू आला. मी थोरलीला जास्त दिवस ओळखत होतो. मला तो ऐकू आला नाही.

मग ती चपटी खोकी आली.

मित्रांनो, मला वाटत होते की फर्निचर म्हणजे चार माणसांनी धापा टाकत आणायची गोष्ट. हे तर काखोटीला मारून आणले. धाकटीचा नवरा, ज्याला थोरली भावजी म्हणते, एक वाकडी छोटी किल्ली घेऊन जमिनीवर बसला. त्याने पहिला कप्पा उलटा जोडला. बिनरंगाची कड पुढे आली आणि गुळगुळीत बाजू भिंतीकडे गेली. सगळे खोलून त्याला पुन्हा जोडावे लागले. शेवटी काही स्क्रू उरले. ते त्याने गुपचूप खिशात टाकले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. लाकडाचा भुसा आणि गोंद एकत्र दाबलेला, वरून पांढरा कागद चिकटवलेला, हे काय उभे राहणार, असे मला वाटत होते.

पण ते उभे राहिले. चांगले उभे राहिले. पांढऱ्या कप्प्यांची रांग झाली, त्यांत सरकते खण बसले, त्यांच्यावर पारदर्शक डबे आले. भिंतीवर भोकांची पाटी लागली आणि तिच्यावर कात्र्या, पट्ट्या, टेप आपापल्या आकड्यांना लटकले. मिटवता येणारे टेबल आले. चाकांची एक तीन मजली ट्रॉली आली. ती तर टेबलापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टेबलापर्यंत अशी नाचत फिरे की बघवत नसे. मी आयुष्यात एकदाच फिरलो होतो, तेही हातगाडीवर.

मला सगळ्यात जास्त काय झोंबले सांगू? दुसऱ्याच महिन्यात कप्प्यांच्या रांगेला आणखी दोन कप्पे जोडले गेले. मी जसा होतो तसाच राहणार होतो. ते मात्र वाढत होते.

धाकटीने एका सकाळी माझे खण रिकामे केले. तिने ते हळुवारपणे केले, हे मला कबूल करायला हवे. प्रत्येक गोष्ट ती रंग पाहून लावत होती. काळी बटणे एका डब्यात, निळी दुसऱ्यात, पांढरी तिसऱ्यात. डब्यांवर तिने सुरेख अक्षरात नावे लिहिली. खोली इतकी छान दिसू लागली की शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. एक शेजारीण तर आपल्या नवऱ्याला घेऊन आली आणि त्याला म्हणाली की बघा, असं असतं. मी एका कोपऱ्यात रिकामा उभा होतो. पांढऱ्या कप्प्यांतल्या एका फळीला कागदांच्या वजनाने बाक आला तेव्हा मला दिवसभर आनंद पुरला. संध्याकाळी धाकटीने फळी काढली, उलटी बसवली आणि बाक गेला. माझ्या एखाद्या फळीला बाक आला असता तर मला सरळ वखारीत पाठवले असते.

आता जे सांगतो ते फक्त मला ठाऊक होते. थोरलीची नजर विरत चालली होती. नवरा होता तेव्हापासूनच थोडी थोडी. सुईत दोरा ओवायला ती खिडकीशी जायची, मग मान तिरपी करून कडेने पाहायची. समोर धरलेली वस्तू तिला दिसत नसे, बाजूची दिसे. तिने हे कुणाला सांगितले नव्हते. तिला धास्ती होती, असे मला वाटते. नजर गेली म्हणजे काम गेले, काम गेले म्हणजे ही खोली गेली, आणि खोली गेली की आपण म्हणजे घरातले एक बसून राहणारे माणूस. माझ्यापाशी तिला डोळ्यांची गरज पडत नव्हती. नव्या खोलीत सगळे डोळ्यांनी शोधायचे होते.

ती पांढऱ्या कप्प्यांसमोर उभी राहून डबे चाचपायची. सगळे डबे एकसारखे गुळगुळीत. मग एखादा डबा काढून झाकण उघडायची, हाताला गोल बटण लागले की तेच घ्यायची. धाकटी आली की ट्रॉलीवर काहीतरी आवरल्यासारखे करायची. मला तिचे वाईट वाटायला हवे होते. वाटलेही. पण खरे सांगायचे तर त्याहून जास्त मला बरे वाटत होते. बघा, माझ्याशिवाय तिचे अडते, असे मला त्या पांढऱ्यांना ओरडून ऐकवायचे होते.

त्याच सुमारास बाहुल्यांचा खेळ करणारे एक गृहस्थ तिच्याकडे मोठे काम घेऊन आले. थोरली त्यांना खेळवाले म्हणायची. नव्या खेळासाठी त्यांना राजा, म्हातारी, चोर, शिपाई असा सगळा ताफा हवा होता. थोरलीने हो म्हटले. ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसायची. बाहुल्यांची तोंडे पूर्वीइतकीच बोलकी उतरली, कारण ती तिच्या बोटांत होती.

खेळवाले घ्यायला आले. त्यांनी म्हातारीची बाहुली हातात घातली, मान वळवून पाहिली, खूश झाले. मग थोडे थांबले. "डोळे मुद्दाम असे ठेवलेत का?" त्यांनी विचारले. "एक काळा आहे, एक निळा."

थोरलीने हसून हो म्हटले. त्यांनी राजा घातला. राजाची पांढरी दाढी हिरव्या दोऱ्याने शिवलेली होती. चोराचे डोळेही दोन रंगांचे निघाले. खेळवाले भले गृहस्थ होते. त्यांनी बाहुल्या परत पिशवीत ठेवल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि खेळाला अजून आठवडा आहे, तेवढ्यात नीट झाल्या तर बरे होईल, असे हळू आवाजात सांगून गेले.

दार लागले तशी थोरली धाकटीकडे वळली. "तुझ्या डब्यांनी घोळ केलाय सगळा. माझ्या कपाटात असं कधी झालं नव्हतं."

"डब्यांवर नावं लिहिलीत ताई. वाचायची तरी."

"मला वाचायला शिकवू नकोस."

धाकटीने हातातली पट्टी आकड्याला लटकवली. मग म्हणाली, "तुम्हाला हे पहिल्यापासून नकोच होतं. या खोलीत तुमचं कपाट होतं, तुमची खुर्ची होती. माझे कागद दाराच्या मागे. मला इथे माझं असं काहीतरी हवं होतं, इतकंच. त्याचाही तुम्हाला राग."

ती निघून गेली. मला वाटले, मी जिंकलो. मित्रांनो, धाकटीला माझा हेवा वाटत होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले आणि माझा ऊर भरून आला. आता हे पांढरे जातील, दोरे परत माझ्यात येतील, असे मनातल्या मनात मांडे खात मी उभा होतो.

पण झाले भलतेच. दोन्ही बायका एकमेकींशी कामापुरते बोलू लागल्या. भावजीला वाटले, भांडण जागेवरून आहे. हे रिकामे धूड इथून हलले तर दोघींना ऐसपैस होईल. तो जुने फर्निचर घेणाऱ्या व्यापाऱ्याला जाऊन भेटला. येऊन बघून जाईन, असे व्यापारी म्हणाला. हे भावजीने मला नव्हे, फोनवर आपल्या मित्राला सांगितले. मी ऐकले. त्या दिवसापासून माझा एकही खण नीट मिटेना. हवेत ओल होती असे घरातले म्हणाले. असेल.

बाहुल्यांचे डोळे बदलायचेच होते. धाकटी मनातला राग बाजूला ठेवून थोरलीच्या मदतीला बसली. ती जुनी बटणे उसवत होती आणि थोरली नवी लावणार होती. धाकटी खाली मान घालूनच म्हणाली, "ताई, काळी बटणं देता?"

थोरली उठली. समोर पांढरी भिंत होती, डबे होते, नावे होती. पण तिचे मन शिवणात गुंतले होते, आणि हात जुन्या वाटेने गेला. ती माझ्याकडे आली. हात थेट घंटीच्या टोपीवर पडला, जराही न चाचपता. तिने तो खण उघडला आणि आत हात घातला. खण रिकामा होता. तिची बोटे तळावर फिरत राहिली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

धाकटीने वर पाहिले. थोरलीचे डोळे मिटलेले होते.

 धाकटीने टेबलावरची दोन रिळे उचलली आणि थोरलीसमोर धरली. "ताई, यातलं निळं कुठलं?"

थोरलीने मान तिरपी केली. दोन्ही रिळांकडे कडेने पाहिले. मग खण तसाच उघडा टाकून ती खुर्चीवर बसली. "कळत नाही गं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"हे होते तेव्हापासून. यांनाही नव्हतं सांगितलं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून ठेवलं असतंस. चांगल्या मनानेच. पण बसवून ठेवलं असतंस."

धाकटीने ते नाकारले नाही. ती उठून माझ्यापाशी आली आणि तिने डोळे मिटून माझ्या मुठींवरून हात फिरवला. रीळ, बटण, गाठ, चकती. तिने मला असा हात कधी लावला नव्हता. मला तो नको होता, आणि तरी मी अंग चोरले नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोघी मिळून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला कळले की मधली नजर जी गेली ती येणार नाही, पण उपचार घेतले तर कडेची बरीच वर्षे टिकेल. आधी आल्या असत्या तर जास्त वाचली असती, असेही डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य धाकटीने भावजीला स्वयंपाकघरात सांगितले, थोरलीसमोर नाही.

व्यापारी आला तो नेमका दुसऱ्या दिवशी. त्याने माझ्या कुशीवर टकटक केले, एक खण ओढला, तो अडला, तसे नाक मुरडले. धाकटीने त्याला तिथूनच परत पाठवले. कपाट विकायचे नाही, चुकून निरोप गेला, असे ती म्हणाली. भावजीने घाईघाईने चपला शोधायला सुरुवात केली.

माझी सुटका झाली आणि माझी स्वप्ने पुन्हा सुरू झाली. भावजीनेही तेच सुचवले. वहिनींचे सगळे सामान परत कपाटात टाका, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांनी तसे करून पाहिले. दोरे आले, बटणे आली, फिती आल्या. मी किती दिवसांनी भरलो. पण माझे खण जड होते आणि ओलीने आणखी अडत होते. खालचे उघडायला थोरलीला वाकावे लागे आणि वाकले की तिला घेरी येई. माझी जागा कोपऱ्यात, तिथे उजेड कमी, आणि उरलेल्या नजरेला तर उजेडच हवा होता. मला उचलून खिडकीशी न्यायचे तर चार माणसे लागली असती आणि खिडकी अर्धी झाकली गेली असती. पांढऱ्यांचे खण एका बोटाने सरकत होते. ते नेमके खिडकीलगत होते, बसल्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. मी कितीही तोंड फिरवले तरी हे मला दिसत होते.

धाकटीच्या मनात काय आले ते तिने लगेच सांगितले नाही. ती स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर बसली आणि मग थोरलीला म्हणाली, "ताई, एक विचारू? या मुठी काढून त्या नव्या खणांना लावल्या तर? ज्या खणात जे असायचं, त्याचीच मूठ." ती अडखळली. "दादांनी बसवलेल्या आहेत. तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाही."

मी थोरलीकडे पाहत होतो. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. ती नाही म्हणेल, याची मला खात्री होती.

थोरली म्हणाली, "काढ. त्यांनी त्या माझ्या हातासाठी बसवल्या होत्या. कपाटासाठी नाही."

मित्रांनो, दुकान सुटले तेव्हा मला वाईट वाटले होते, रिकामा केला गेलो तेव्हा आणखी वाईट वाटले होते. पण ते वाक्य ऐकून जे झाले त्याला मी काय म्हणू? एकेक स्क्रू फिरत होता आणि एकेक मूठ माझ्या तोंडावरून उतरत होती. ज्यांची मी आयुष्यभर लाज बाळगली, त्यांच्यासाठी मी तडफडत होतो. शेवटी मी पार बोळका झालो, जिकडेतिकडे नुसती भोके. आणि समोर, त्या दाबलेल्या भुशाच्या पांढऱ्या तोंडांवर माझे रीळ, माझी गाठ, माझी घंटीची टोपी. इतके विजोड दिसत होते ते. पण कुणाला त्याचे काही वाटले नाही.

थोरली खुर्चीवर बसली. तिने हात पुढे केला, घंटीच्या टोपीला धरून खण ओढला आणि काळी बटणे काढली. मग पितळी चकतीचा खण. मग गाठीचा. तिचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. रंग वेगळे ओळखण्यासाठी दोघींनी मिळून आणखी युक्त्या काढल्या. निळ्या दोऱ्याच्या रिळाला एक गाठ, हिरव्याला दोन, पांढरा मोकळा. सुया धाकटी सकाळीच ओवून ठेवायची. पारदर्शक डबे गेले, त्यांची सुरेख नावेही गेली. धाकटीने ती स्वतः खरवडून काढली. खेळवाल्यांच्या बाहुल्या वेळेवर गेल्या आणि या वेळी प्रत्येकीचे दोन्ही डोळे एका रंगाचे होते. पुढे खेळवाले पुन्हा आले तेव्हा म्हणाले की म्हातारीचे ते दोन रंगांचे डोळेच बरे होते, पोरे फार हसली असती. थोरली त्यावर खरोखर हसली.

माझे काय झाले ते आता सांगतो. धाकटीने माझे सगळे खण उन्हात वाळवले. कडांना मेणबत्ती घासली. भोकांतून जाड नाडी ओवून तिचे फास केले, तेच आता ओढायचे. आणि माझ्यात तिने तिचे कागद ठेवले. माझे मोठे खण खोल आणि रुंद आहेत, कागद आडवे पसरून राहतात, दुमडत नाहीत. पहिला खण भरल्यावर ती माझ्यासमोर उकिडवी बसून नुसतीच पाहत होती. खण उघडायची, कागदावर तळहात फिरवायची, मिटायची. मला तिचा हात परका होता. मी काही दिवस मुद्दाम करकरत राहिलो. मेणबत्तीमुळे ते फार जमले नाही.

मी आता शहाणा झालो, समाधानी झालो, असे मी तुम्हाला सांगणार नाही. थोरली त्या पांढऱ्या खणाकडे हात नेते तेव्हा अजूनही माझ्या पोटात दुखते. पण मित्रांनो, एवढे मात्र मागतो. तुमच्या घरात नवे, हलके, देखणे सामान येईल. जरूर येऊ दे, त्याचे कामही मोठे आहे. फक्त जुने रिकामे करण्याआधी ते वापरणाऱ्या माणसापाशी थोडे बसा. त्याचे हात कुठे जातात ते बघा. तोंडाने माणूस होकार देतो. गरज कशाची आहे ते हातांकडून कळते. आणि जे जुने उरेल, त्याला निदान मेणबत्ती तरी घासा.

हल्ली दुपारी काम करून पाठ भरून आली की धाकटी जमिनीवर बसते आणि मला पाठ टेकते. पांढऱ्या कप्प्यांना टेकून चालत नाही, ते मागे सरकतात. एकदा टेकली तेव्हा वरचा कप्पा तिच्या डोक्यात येता येता राहिला. मी हलत नाही. मला हलायचे माहीतच नाही. परवा थोरलीही खुर्चीवरून उतरली, भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आली आणि धाकटीच्या शेजारी बसली. एकीच्या मांडीवर कागद, दुसरीच्या मांडीवर अर्धी बाहुली. दोघींचा सगळा भार माझ्यावर. खोलीत कात्रीचा तेवढा आवाज होता.

त्या वेळी समोरचे पांढरे कप्पे माझ्याकडे कसे बघत होते, ते तुम्ही पाहायला हवे होते.